फोडणीआधीचा वाटा

माझ्या आजीच्या घरी मांजराचं ताट म्हणजे नारळाची करवंटी. दापोलीच्या पुढे, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर ते घर. मागीलदारी, न्हाणीच्या चुलीशेजारी ती करवंटी कायमची ठेवलेली असे. दुपारी सगळ्यांची जेवणं आटोपली की आजी तळाशी उरलेला मऊ भात तिच्यात घालायची, वर पळीभर दूध, आणि बोटांनी कालवून "मने, ये गो" अशी हाक द्यायची. आजीच्या घरातल्या प्रत्येक मांजरीचं नाव मनीच असे. एक मनी गेली की काही दिवसांनी माडीवरून दुसरी मनी उतरायची आणि त्याच करवंटीत तोंड घालायची.

त्यामुळे मांजर म्हटलं की दूधभात, हे माझ्या डोक्यात अक्षरओळखीच्याही आधी पक्कं झालेलं. भाषाही तेच सांगत होती. शिंकं तुटतं ते बोक्यासाठी, आणि मांजर डोळे मिटून पितं ते दूधच. मांजराला दूध चालतं का, हा प्रश्नच कुणाला पडत नसे.

आता मी डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहते. सहा वर्षांपूर्वी जुलैच्या पावसात इमारतीच्या पार्किंगमध्ये, एका स्कूटरच्या खाली, भिजून काडीसारखी झालेली एक पांढरी पिल्ली सापडली. टॉवेलने पुसल्यावर तिचा रंग तांदळाच्या पिठीसारखा निघाला, म्हणून तिचं नाव पिठी. आज ती चार किलोची आहे. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली आणि पिठीने तिला पहिल्याच आठवड्यात आपलं मानलं. आई जेवायला बसली की पिठी तिच्या पाटाशेजारी, शेपटी पायांभोवती गुंडाळून, एकही आवाज न करता बसते. मागत नाही, फक्त बघते. आणि समोर एक जीव बसलेला असताना आपण एकट्याने जेवायचं नाही, हा आईचा जन्मभराचा नेम. कावळ्याचा घास, गाईचा घास, दारात आलेल्याचा घास, तसाच पिठीचा घास. मी त्याला कधी हरकत घेतली नाही. मला ते बघायला आवडायचं.

गेल्या नोव्हेंबरमध्ये कामासाठी नऊ दिवस नागपूरला जावं लागलं. परत आले तेव्हा पिठी दाराशी आली नाही. एरवी लिफ्टचा आवाज आला की ती दाराच्या फटीला नाक लावून उभी असते. ती पलंगाखाली, अगदी भिंतीला टेकून बसली होती. "दोन दिवस झाले, अशीच मलूल आहे," आई म्हणाली. "तू नाहीस म्हणून रुसली असेल असं वाटलं मला." मी तिचा रेतीचा डबा साफ करायला घेतला. एरवी लघवीने रेतीचे फिकट पिवळे गोळे होतात. त्या रात्री गोळे चहाच्या चोथ्यासारखे तपकिरी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात डॉक्टर बाईंनी पहिल्यांदा काय केलं, तर अंगठ्याने पिठीचा वरचा ओठ हलकेच उचलला. "बघा," त्या म्हणाल्या. मी वाकून बघितलं. मांजराची हिरडी गुलाबी असते, पेरूच्या गरासारखी. पिठीची हिरडी भिजवलेल्या कागदासारखी होती. रक्त काढलं. निरोगी मांजराच्या रक्तात लाल पेशींचा वाटा शंभरात तीस ते पंचेचाळीसच्या आसपास असतो. पिठीचा 17 वर आला होता.

मग प्रश्न सुरू झाले. घरात उंदराचं औषध ठेवलंय का? कुणी तापाची गोळी दिली का? आणि मग, "घरचं काय काय खाते ती?" आई माझ्याबरोबर आली होती. तिने सगळं नीट सांगितलं, काहीही न लपवता. सकाळी चमचाभर साय. दुपारी कोरडं खाणं टाकलं तर पिठी हुंगून निघून जायची, मी नसल्यामुळे ती जेवत नाही असं आईला वाटलं. म्हणून तिने चिकनच्या रश्शात भात कालवून दिला. तो तिने चाटूनपुसून खाल्ला. मग रोज तेच. "तिखट लागू नये म्हणून मी वरचा तवंग काढायचे, आणि मांस पाण्यातून धुऊन घ्यायचे," आई म्हणाली.

डॉक्टर बाईंनी विचारलं, "रश्शाला कांदा?"

आईने त्यांच्याकडे बघितलं. कांद्याशिवाय रस्सा कसा होईल, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण, त्यात लसूण, हे तर आमच्या रश्शाचं अंगच आहे.

त्यांनी मला मायक्रोस्कोपमधून पिठीचं रक्त दाखवलं. काचेवर पसरलेल्या त्या गोल पेशींच्या कडेला एकेक गडद ठिपका होता, लिंबाच्या टोकाला असतो तसा थोडा बाहेर आलेला. हाइन्झ बॉडी म्हणतात त्याला. असे थोडे ठिपके धडधाकट मांजरातही सापडतात. पण इथे जिकडे बघावं तिकडे तेच होते.

त्यांनी जे समजावलं ते मी तेव्हापासून भेटेल त्या मांजरवाल्याला सांगत आले आहे, आणि इथेही सांगते. कांदा, लसूण, कांद्याची पात, लसणीची पात या सगळ्यांत गंधकाची काही संयुगं असतात. चिरल्यावर डोळ्यांतून पाणी काढणारा जो कांद्याचा स्वभाव आहे, त्याच कुळातली. मांजराच्या पोटात गेली की ती रक्तातल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करतात. आपल्या हिमोग्लोबिनमध्ये असा हल्ला होऊ शकेल अशा दोन जागा असतात, कुत्र्याच्या हिमोग्लोबिनमध्ये चार, मांजराच्या आठ. हिमोग्लोबिन बिघडून पेशीच्या कडेला त्याचा गोळा होतो, तोच तो ठिपका. अशी पेशी टिकत नाही, फुटते. फुटलेल्या पेशींचा रंग लघवीत उतरतो. म्हणून ती चहाच्या चोथ्यासारखी रेती.

मांजराच्या वजनाच्या दर किलोला पाच ग्रॅम कांदा एवढ्यावर त्रास सुरू होतो. चार किलोच्या पिठीसाठी तो हिशोब 20 ग्रॅमचा, म्हणजे एका मध्यम कांद्याची फोड. लसूण त्याहून जहाल. आणि शिजवून, भाजून, तळून ही संयुगं जात नाहीत. वाळवून पूड केली तर ती आणखी घट्ट होतात, म्हणून तयार मसाल्यांतली आणि सूपच्या पाकिटांतली कांद्याची पूड अख्ख्या कांद्यापेक्षा वाईट. मांस धुतल्याने वरचं तिखट जातं, आत मुरलेला रस जात नाही. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे वेळ. खाल्ल्या खाल्ल्या काहीच दिसत नाही. दोन दिवस, चार दिवस, कधी त्याहून जास्त दिवस मांजर ठीक असतं, आणि मग एकदम पलंगाखाली जाऊन बसतं. तोवर काय खाल्लं होतं ते आपण विसरलेलो असतो.

यावर उतारा असं औषध नाही. कांदा बंद करायचा, सलाईन, गरज पडली तर ऑक्सिजन, फारच खाली गेलं तर दुसऱ्या मांजराचं रक्त, आणि शरीर नव्या पेशी तयार करेपर्यंत वाट बघायची. पिठीला रक्त चढवावं लागलं नाही. पाचव्या दिवशी तिने माझ्या हातून थोडं चिकन खाल्लं. हिरडीला पूर्ण रंग यायला जवळपास महिना गेला. तो महिनाभर मी रोज सकाळी तिचा ओठ उचलून बघायचे.

त्या रात्री दवाखान्यातून घरी आल्यावर आई ओट्याशी उभी राहून म्हणाली, "म्हणजे मीच विष घातलं तिला." ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने साठ वर्षं लोकांना खाऊ घातलं आहे. कुणाला काय पचतं, कुणाला काय बाधतं, कुणाला ताकात मीठ कमी लागतं, हे तिला न विचारता ठाऊक असतं. तिच्या हातचं खाऊन कुणी आजारी पडावं ही गोष्ट तिच्या आयुष्यात झालेलीच नव्हती. मी तिला म्हटलं, "आई, चूक माझी आहे. सहा वर्षं तिला मी सांभाळते, कांद्याचं मला माहीत असायला हवं होतं आणि तुला सांगून जायला हवं होतं." ते खरंच होतं. पण तिने मान हलवली आणि म्हणाली, "मग आमच्याकडच्या मन्या कशा जगल्या गं? त्यांनी काय कमी रश्शाचा भात खाल्ला?"

हा प्रश्न मी टाळला नाही, कारण तो मलाही पडला होता. मांजराला घरचं घालू नका असं कुणी म्हटलं की आपल्याकडे पहिलं उत्तर हेच येतं, आणि ते चुकीचं म्हणून झटकून टाकण्यासारखं नाही.

मी आजीचं घर आठवायला लागले. माजघराच्या मागे अंधारी कोठी, तिच्यात भाताची कणगी. माडीवर नारळ आणि सुपाऱ्या. रात्री माळ्यावर धप्प असा आवाज यायचा आणि आजी अंथरुणातूनच म्हणायची, "धरलंन." सकाळी पायरीवर एखादी शेपटी पडलेली असायची, बाकी काही नाही. आंब्याच्या दिवसांत पाली, सरडे, पावसाळ्यात बेडूक. मनी रात्रभर जेवायची आणि दुपारी करवंटीतला दूधभात खायला यायची. आम्हाला दिसायची ती फक्त करवंटी.

मांजर माणसाकडे आलं तेच मुळी असं. पश्चिम आशियात माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, धान्यापाठोपाठ उंदीर आले आणि उंदरांपाठोपाठ तिथलं रानमांजर. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं आहे, 2004 साली ते जाहीर झालं. माणसाच्या सांगाड्यापासून हातभर अंतरावर एक मांजर नीट निजवलेलं. त्या बेटावर रानमांजरं नव्हतीच, म्हणजे कुणीतरी ते होडीतून बरोबर नेलं असणार. आजीची कणगी आणि तिची मनी ही त्याच ओळखीची पुढची पिढी.

एका उंदरात साधारण 30 कॅलरी असतात. चार किलोच्या घरातल्या मांजराला दिवसाला 200 ते 250 कॅलरी लागतात, म्हणजे सात-आठ उंदीर. आणि उंदीर हे नुसतं मांस नाही. त्यात हाडं आहेत, म्हणजे कॅल्शियम. काळीज आहे, हृदय आहे, आणि बरंचसं पाणी. मांजर मुळात कोरड्या मुलखातलं, त्याला तहान कमी लागते, पाणी ते भक्ष्यातूनच मिळवतं. करवंटीतला भात वरचा खाऊ होता. त्यात कधी कांदा गेला असेल, काही मन्यांना त्याने नक्की त्रास झाला असेल. मनी दिसेनाशी झाली की "गेली कुठेतरी" असं म्हणायचो आम्ही. का गेली, हे कोण बघत होतं? तिचा ओठ उचलून कुणी हिरडी पाहिली नाही. माझ्या लहानपणी एवढ्या मन्या का झाल्या, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं.

पिठीला कोठी नाही, माळा नाही. चौथ्या मजल्यावर पाल आली तरी आम्ही झाडूने हाकलतो. तिच्या पोटात जे जातं ते सगळं आमच्या हातून जातं. आजीच्या पळीभर दुधाची जबाबदारी पळीभरच होती, आईच्या आणि माझ्या हातावर सगळा भार आहे.

भार कसला, ते सांगायचं तर टॉरिनचं सांगायला हवं. हे एक अमिनो आम्ल आहे, मांसात आणि मासळीत असतं, भातात-पोळीत नसतं. आपलं शरीर ते स्वतः तयार करतं. मांजराचं शरीर ते पुरेसं तयार करू शकत नाही. 1975 मध्ये असं दिसून आलं की टॉरिन न मिळालेल्या मांजरांच्या डोळ्यांचा पडदा झिजतो आणि ती आंधळी होतात. 1987 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या पॉल पियॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की त्याच कमतरतेने मांजराचं हृदय फुगून दुबळं होतं, आणि वेळेत टॉरिन दिलं तर पुन्हा सावरतं. ही मांजरं दूधभातावर जगणारी नव्हती. ती बाजारातलं डब्यांतलं खाणं खात होती. त्यानंतर कंपन्यांनी त्यात टॉरिन वाढवलं. ही हकिगत मी आईला मुद्दाम सांगितली. प्रयोगशाळा आणि कारखाने असलेल्या लोकांनाही 1987 पर्यंत जे नीट उमगलं नव्हतं, ते माझ्या आईला दापोलीत कसं कळावं?

दुधाचंही तसंच. पिल्लू आईचं दूध पितं तोवर ते पचवणारं विकर त्याच्या आतड्यात असतं. दूध सुटलं की ते कमी होत जातं, आणि मोठ्या मांजराला दुधातली साखर बहुधा पचत नाही. जुलाब होतात, पोट गुबारतं. काही मांजरांना थोडं दूध चालतं, पिठीला नाही चालत. आणि चाललं तरी हिशोब बघा: म्हशीचं 100 मिलिलिटर दूध म्हणजे 100 कॅलरीच्या वर. आपला अर्धा कप, तिचं जवळपास अर्ध्या दिवसाचं जेवण, आणि त्यात टॉरिन जवळजवळ नाहीच. तेवढ्याने पोट भरलं की ती खऱ्या जेवणाकडे फिरकत नाही. मग आपण म्हणतो, हिला दूधच आवडतं.

आईला वाटायचं पिठीला गोड आवडतं, कारण ती श्रीखंडाच्या वाटीकडे धावते. मांजराला गोड कळतच नाही. 2005 मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या शास्त्रज्ञांना सापडलं की गोडाची चव ओळखणारं एक जनुक मांजराच्या वंशात मोडून पडलेलं आहे, वाघात आणि चित्त्यातसुद्धा. पिठी धावते ती चक्क्यातल्या स्निग्धपणासाठी. हे ऐकून आई बराच वेळ पिठीकडे बघत राहिली. "म्हणजे हिला साखर म्हणजे काय ते ठाऊकच नाही?" तिचा आवाज असा होता की जणू कुणीतरी या मुलीवर अन्याय केला आहे.

तर मग घरचं पूर्ण बंद करायचं का? डॉक्टर बाईंनी तसं सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी ते आमच्या घरात टिकलं नसतं. आईला घास द्यायचा आहे. तो देणं हीच तिची पिठीशी बोलण्याची रीत आहे. त्यांनी एवढंच म्हटलं की दिवसाच्या खाण्याचा दहावा भाग घरचा असू द्या, बाकी मांजरासाठी केलेलं पूर्ण अन्न द्या. 'कम्प्लीट' असं पाकिटावर लिहिलेलं हवं. 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलेलं नुसतं तोंडी लावणं असतं. दहावा भाग म्हणजे 20-25 कॅलरी. म्हणजे उकडलेल्या चिकनचे 15 ग्रॅम, आपल्या अंगठ्याएवढा तुकडा. आईला ते फारच कमी वाटलं. मी तिला सांगितलं, पिठी तुझ्या पंधराव्या हिश्शाची आहे, तिचा घासही त्याच मापाचा.

आणि मग आईने तिची पद्धत शोधली. ती कुणी शिकवली नाही, तिच्या स्वयंपाकातूनच आली. नैवेद्य आपण उष्टं व्हायच्या आधी काढतो ना, तसा पिठीचा वाटा फोडणीच्या आधी काढायचा. चिकन धुऊन झालं, अजून हळद, मीठ, वाटण काही लागलेलं नाही, त्याच वेळी मांडीचा एक तुकडा बाजूला. मांडीचाच, कारण छातीच्या पांढऱ्या मांसापेक्षा मांडीच्या काळसर मांसात टॉरिन कितीतरी जास्त असतं. चिकनवाल्याकडून कोंबडीची दोन-तीन हृदयं मागून आणते, त्यांतही ते भरपूर असतं. एका लहान पातेलीत, बुडेल एवढ्याच पाण्यात, झाकण ठेवून शिजवायचं. टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी ओतून द्यायचं नाही, गार करून त्याच वाटीत. शिजवलेलं हाड एकही नाही, कारण शिजलेलं हाड चावल्यावर काचेसारखं टोकदार फुटतं. आई मांस बोटांनी पिंजते, पुन्हा पुन्हा चाचपते, बाळाला मासा भरवताना काटा शोधावा तसं. तोवर पिठी ओट्याखाली बसलेली असते.

मासळीचंही तसंच. बाजारात आमची नेहमीची कोळीण आहे. आईने मांदेली मागितली की ती विचारते, "तुमाला का मांजराला?" मांजराला म्हटलं की मूठभर जास्त टाकते. पिठीच्या वाट्याची चार मांदेली नुसत्या पाण्यात उकडायची. कच्ची नाही: काही माशांमध्ये ब-1 जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं, शिजवल्यावर ते निकामी होतं. बांगडा असला तर मधला काटा पूर्ण काढून. आणि मासळी आठवड्यातून एक-दोनदाच, कारण रोज नुसत्या तेलकट मासळीवर ठेवलेल्या मांजराला ई जीवनसत्त्व कमी पडून वेगळं दुखणं लागतं. सुकट-बोंबलाचा वास आला की पिठी वेडी होते, पण त्यातलं मीठ तिच्या मापाला फार. बोंबील दोन-तीन पाण्यात भिजवून, उकडून, नखाएवढा. तो दिला नाही तरी चालतो, पण आईला दिल्याशिवाय राहवत नाही.

अंडं उकडलेलं, त्याचा छोटा तुकडा. लाल भोपळा वाफवलेला, चमचाभर, तिचं पोट घट्ट झालं की. काळीज आवडतं तिला, पण आठवड्यातून एकदा एक बारीक तुकडा, कारण त्यातलं अ जीवनसत्त्व साठत जातं आणि वर्षानुवर्षं भरपूर काळीज खाणाऱ्या मांजराची मान आणि पाठ हाडं वाढून ताठ होते. भात एखादा चिमूट. भाताने तिचं काही बिघडत नाही, पण तिच्या कामाचंही त्यात फारसं काही नाही.

मांजराचं सगळं जेवण घरीच करावं असं मात्र मी कुणाला सुचवणार नाही. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, त्यामुळे फक्त खिम्यावर वाढवलेल्या पिल्लांची हाडं उडी मारताना मोडतात. करायचंच असेल तर पशुवैद्याकडून मोजूनमापून कृती घ्या. अंदाजपंचे हे काम होत नाही, कितीही माया असली तरी.

दिवाळीत मी स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटवते. चॉकलेट, चहा-कॉफी, मनुका-बेदाणे, जायफळ घातलेलं श्रीखंड किंवा पुरण, फुगायला ठेवलेलं कच्चं पीठ: यातलं काहीही पिठीला नाही. पाहुण्यांची मुलं हौसेने भरवतात, त्यांना कोण दोष देणार?

आणि एक गोष्ट अन्नाची नाही, तरी सांगायलाच हवी. मांजर गरम लागलं म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका. अर्धी नाही, पाव नाही. आपलं यकृत ते ज्या वाटेने बाहेर टाकतं ती वाट मांजराच्या यकृतात जवळजवळ नाही. ते पुन्हा त्याच हिमोग्लोबिनवर जातं आणि एक गोळीही जीव घेऊ शकते. डॉक्टर बाईंनी पहिल्या पाच प्रश्नांत तो प्रश्न का विचारला, ते मला नंतर कळलं. त्यांच्याकडे अशी मांजरं येतात. प्रत्येकाला ती गोळी कुणीतरी काळजीपोटीच दिलेली असते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. घर कट्टर शाकाहारी, अंडंही नाही. त्यांच्या गॅलरीत एक बोका येऊन राहिला, आणि काका त्याला दूधपोळी घालायचे. पिठीच्या आजारानंतर मी त्यांच्याशी बोलायला गेले तेव्हा मला फार अवघड वाटत होतं. दुसऱ्याच्या घरातल्या नेमात आपण कसं शिरायचं? मी टॉरिनचं सांगितलं, डोळ्यांचं, हृदयाचं. काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी त्याला माझा उपास घडवतोय." दोन दिवसांनी बघितलं तर गॅलरीत लोखंडी रॅकच्या खालच्या कप्प्यात मांजराच्या खाण्याची पिशवी होती, तिला वेगळा चमचा, वेगळी वाटी, आणि हात धुवायला तिथेच एक साबण. त्यांच्या घरात मांसाचा कणही गेला नाही आणि बोक्याला त्याचं अन्न मिळालं. मला त्या साबणाकडे बघून भरून आलं.

आमच्याकडे ही परीक्षा श्रावणात आली. जून-जुलैत मासेमारी बंद असते, मासळी महागते, तोवर चिकनवर भागलं. मग श्रावण लागला. आई श्रावण काटेकोर पाळते, पहिल्या दिवसापासून घरात मांस-मासळी शिरत नाही, भांडीसुद्धा घासून-उकळून घेते. मी ठरवलं होतं, महिनाभर पिठीला फक्त पाकिटातलं. दहावा भाग नाही मिळाला तर तिचं काही अडणार नव्हतं, आणि आईला संकटात घालायचं माझ्या मनात नव्हतं. मी तिला तसं सांगितलंही.

पहिल्या सोमवारी मी कामावरून परत आले तर गॅलरीत आईची जुनी स्टोव्हची शेगडी पेटलेली. वर ती लहान पातेली. आई पाटावर बसली होती, पदर खोचून, समोर पिठी.

"आई, अगं, आज सोमवार," मी म्हटलं.

"माझा आहे," ती म्हणाली. "तिला कसला सोमवार?" आणि पातेलीवरचं झाकण उचलून तिने वाफ बाजूला केली. हातातल्या चिमट्याने मांडीचा तुकडा ताटलीत काढला, निवायला ठेवला, आणि नाकाला पदर लावून बसून राहिली.